माऊस हाताला बसत नाही? नवा घेण्याआधी या चुका टाळा

कर्सर नेमक्या जागी थांबत नसेल तर दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो, माऊसचा नाही. त्यातली पहिली चूक म्हणजे एका बैठकीत चार गोष्टी बदलणं. मग कशाने फरक पडला तेच कळत नाही. एक बदल करा आणि दोन-तीन दिवस त्यावरच काम करा.

डीपीआय आणि स्पीड यांची सरमिसळ

माऊस एक इंच सरकला की कॉम्प्युटरला जेवढी पावलं कळवतो, तो डीपीआय. विंडोजचा स्पीड स्लायडर त्या पावलांना नंतर गुणतो. स्लायडर मधोमध, म्हणजे विंडोज 11 मध्ये 20 पैकी 10 वर असेल तर एका पावलाला एक पिक्सेल. वर नेलात की कर्सर मधले पिक्सेल गाळून उड्या मारतो; फोटोची कड कापताना हे लगेच जाणवतं. त्यामुळे स्लायडर मध्यावर ठेवा आणि वेग डीपीआयनेच ठरवा. 1920 पिक्सेलचा स्क्रीन ओलांडायला 800 डीपीआयवर सुमारे 6 सेमी हात हलवावा लागतो, 1600 वर 3 सेमी. खोक्यावरचा 16000 चा आकडा गिऱ्हाईकासाठी असतो. रोजच्या कामाला 800 ते 1600 पुरतात, 4के स्क्रीनला थोडे जास्त.

'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालूच ठेवणं

विंडोजच्या या सेटिंगचं नाव फसवं आहे. अंतर तेवढंच असलं तरी हात झपकन हलला की कर्सर जास्त लांब जातो, एवढंच हे करतं. तपासायचं असेल तर माऊसच्या डाव्या बाजूला जाड पुस्तक टेकवा आणि कर्सर स्क्रीनच्या मध्यावर एखाद्या आयकॉनवर आणा. माऊस हळूहळू 3 सेमी उजवीकडे न्या आणि झटक्यात परत पुस्तकाला टेकवा. कर्सर आयकॉनच्या बराच डावीकडे गेला तर अ‍ॅक्सलरेशन, म्हणजे हाच वेगानुसार अंतर वाढवण्याचा प्रकार, चालू आहे. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस इथे ते बंद करता येतं. बंद केल्यावर सुरुवातीला कर्सर जड वाटेल. लगेच डीपीआय वाढवू नका. टेबलावर वीतभरच जागा असेल तर मात्र ते चालू ठेवण्यात काही गैर नाही.

माऊस तिरका धरणं

हात सरळ आडवा नेला तरी कर्सर वर किंवा खाली घसरतो? सेन्सर माऊसच्या अंगाच्या दिशेने मोजतो, तुमच्या मनगटाच्या नाही. माऊस थोडा फिरवून धरून पाहा.

पृष्ठभागाकडे दुर्लक्ष

ऑप्टिकल सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेऊन हालचाल ओळखतो. काचेवर त्याला ओळखण्यासारखं काही दिसत नाही, चकचकीत सनमायकावरही तो अडखळतो. खाली साधा कागद ठेवा. तेवढ्याने कर्सर सुधारला तर पॅड घ्या, माऊस नको. कागदावरही थरथरला तर माऊस बंद करून उलटा करा. सेन्सरच्या भोकात अडकलेला एक केससुद्धा पुरतो. तो कोरड्या कापसाच्या काडीने काढा. खालच्या पट्ट्यांच्या कडेला साचलेला काळा मळही खरवडून टाका, घासून चालणं त्यानेच होतं.

रिसीव्हर मागच्या पोर्टात खुपसणं

वायरलेस माऊस फक्त फाइल कॉपी होताना अडखळत असेल तर शेजारच्या यूएसबी 3 पोर्टावर संशय घ्या. त्याचा गोंगाट वायरलेस माऊस वापरतो त्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यातच पडतो. एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर, म्हणजे माऊसची छोटी यूएसबी कांडी, माऊसपासून वीत-दीड वीतीवर आणा. पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा खबर देतो तो आकडा, त्यानंतरच बदला. 125 हर्ट्झला माऊस दर 8 मिलिसेकंदांनी खबर देतो, 1000 ला दर 1 मिलिसेकंदाने, पण बॅटरीही लवकर उतरते.