रेसर स्वतःची टीम काढतो तेव्हा: या चुका टाळा

26 सप्टेंबर 1999, जर्मनीतलं नुरबुर्गरिंग. पाऊस येत होता, जात होता. फॉर्म्युला वनच्या युरोपियन ग्रां प्री शर्यतीत पुढे असलेल्या गाड्या एकेक करून गळाल्या आणि चौदाव्या जागेवरून निघालेला जॉनी हर्बर्ट पहिला आला. पावसाचे टायर नेमके कधी घालायचे, हे त्याला अचूक साधलं. गाडी जॅकी स्टुअर्टच्या टीमची. तिसरा आलेला रुबेन्स बारिकेलोही त्याच टीमचा. दोघांच्या मधोमध यार्नो त्रुली, अलेन प्रोस्टच्या टीमचा. तिन्ही गाड्यांवर माजी विश्वविजेत्यांची नावं होती.

स्टुअर्ट तीनदा विश्वविजेता, 27 शर्यती जिंकलेला. प्रोस्ट चारदा, 51 शर्यती जिंकलेला. जानेवारी 2002 मध्ये प्रोस्टची टीम दिवाळखोरीत बंद पडली. स्टुअर्टने इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला उभी केलेली टीम मात्र हात बदलत आज रेड बुल म्हणून धावते आहे. गाडी चालवण्यात प्रोस्ट कुठेही कमी नव्हता. म्हणूनच त्याच्या टीमचं काय झालं ते नीट पाहायला हवं. आपल्याकडे कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून, सुरुवात केलेली मुलं आणि त्यांचे पालक चार हंगाम काढले की 'आता आपलीच टीम काढू' म्हणतात, त्यांनी तर नक्कीच.

मिळालेलं यश आपलं समजणं

प्रोस्टने 1997च्या सुरुवातीला लिजिए ही जुनी फ्रेंच टीम विकत घेतली. त्या वर्षीची गाडी लिजिएच्याच माणसांनी आधीच आखलेली होती. इंजिन मुगेन-होंडाचं, टायर ब्रिजस्टोनचे. ऑलिव्हिए पॅनिस ब्राझीलमध्ये तिसरा आला, स्पेनमध्ये दुसरा. जूनमध्ये माँट्रियलला अपघातात त्याचे पाय मोडले, तरी त्याच्या जागी आलेल्या त्रुलीने ऑस्ट्रियात शर्यतीत आघाडी घेऊन दाखवली. वर्षअखेर टीमचे 21 गुण झाले. नवा मालक पहिल्याच वर्षी सहावा! कोणालाही वाटेल, गाडं रुळावर आहे.

पुढच्या वर्षी आला 1 गुण. पूर्ण हंगामात एक.

मधल्या हिवाळ्यात काय काय बदललं पाहा. मुगेन-होंडा जाऊन प्युजोचं इंजिन आलं. कारखाना मॅनी-कूरहून पॅरिसजवळ हलवला. गाडी नवी. कार्टचं सेटिंग करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलालाही आपण बजावतो की एका वेळी एकच गोष्ट बदल. टायरची हवा आणि गिअरिंग एकदम बदललंस तर वेळ कशाने सुधारली किंवा बिघडली, ते कळणार नाही. प्रोस्ट तर सेटिंगच्या बारकाव्यांत मुरलेला, डोक्याने, हिशेबाने शर्यत चालवायचा म्हणून त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. हाच नियम टीमलाही लागू होतो. इंजिन, जागा आणि गाडी एकाच वेळी बदलली, तर दोष इंजिनात आहे, गिअरबॉक्समध्ये आहे की घर हलवून दमलेल्या मेकॅनिकमध्ये, हे शोधायचं कसं?

सोडून दिलेलं मुगेन-होंडा जॉर्डन टीमकडे गेलं आणि 1998 मध्ये बेल्जियममधल्या स्पाला डेमन हिलने त्याच इंजिनावर शर्यत जिंकली. त्याच शर्यतीत सहाव्या आलेल्या त्रुलीने प्रोस्टला वर्षातला तो एकुलता एक गुण मिळवून दिला.

तेव्हा टीम विकत घेतली असेल, तर पहिल्या वर्षाचे निकाल आधीच्या माणसांच्या खात्यावर मांडा. त्यांनी काय बरोबर केलं होतं ते लिहून काढा. त्यातलं एकच काहीतरी बदला आणि हंगाम जाऊ द्या.

अभिमानावर करार करणं

फ्रेंच मालक, फ्रेंच इंजिन, फ्रेंच सिगारेट कंपनीचा पैसा. ऐकायला किती छान! 2000 साली गुण शून्य. ऑस्ट्रियात तर टीमच्या दोन्ही गाड्या, जाँ अलेझी आणि निक हाइडफेल्डच्या, एकमेकींवर आदळून बाद झाल्या. वर्षअखेर प्युजो गेली, मुख्य प्रायोजक गोल्वाझ, म्हणजे तोच सिगारेटवाला, तोही गेला. 2001 साठी फेरारीचं इंजिन पैसे मोजून घ्यावं लागलं. हंगाम 4 गुणांवर संपला आणि त्या हिवाळ्यात तिजोरी रिकामी झाली.

स्टुअर्टने उलट्या क्रमाने काम केलं. फोर्डशी त्याचे संबंध कित्येक वर्षांचे होते. आधी फोर्डशी पाच वर्षांचा करार, मग टीम. मुलगा पॉल फॉर्म्युला वनच्या खालच्या पातळीच्या शर्यतींमध्ये वर्षानुवर्षं टीम चालवत होता, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सामान कसं हलतं, कोण काय करतं, हे माहीत असलेली माणसं हाताशी होती. तरीही पहिल्या हंगामातल्या 17 शर्यतींपैकी एकाच शर्यतीत गुण मिळाले, मोनॅकोच्या पावसात बारिकेलो दुसरा आला तेव्हा. इंजिनं सारखी फुटत होती. पण करार पाच वर्षांचा होता, म्हणून टीम तगली आणि 1999 मध्ये 36 गुणांसह चौथी आली.

प्रायोजक शोधताना मला हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो: दोन वर्षं हरलो तरी हा माणूस आपल्याबरोबर राहील का? उत्तर कागदावर नसेल तर टीम काढू नका.

भरात असताना सीट सोडणं

एमर्सन फिटिपाल्डी 1972 आणि 1974चा विश्वविजेता. 1975 संपताना त्याने मॅकलारेन टीम सोडली आणि भाऊ विल्सनच्या टीममध्ये गेला. पैसा कोपरसुकारचा, म्हणजे ब्राझीलमधल्या साखर उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा. साखर कारखान्याच्या जिवावर काय काय उभं राहतं हे आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पण टीम एकही शर्यत जिंकली नाही. 1978 मध्ये रिओला मिळालेला दुसरा क्रमांक हीच मोठी कमाई. त्याने सोडलेल्या सीटवर जेम्स हंट बसला आणि 1976 चा विश्वविजेता झाला.

स्वतःच्या नावाच्या गाडीतून विश्वविजेता झालेला एकच, जॅक ब्रॅबहॅम, 1966 मध्ये, वयाच्या चाळिशीत. पण त्याच्याकडे रॉन टॉरनॅक होता. गाडीचा आराखडा टॉरनॅकचा, चालवणं ब्रॅबहॅमचं. असा जोडीदार मिळेपर्यंत थांबा.

विकायला उशीर करणं

स्टुअर्टने 1999च्या मध्यात, गाडी वेगात असताना टीम फोर्डला विकली. पुढे जॅग्वार नावाने पाच हंगाम झाले, एकही विजय नाही. 2004च्या अखेरीस ती रेड बुलने घेतली. म्हणजे नुरबुर्गरिंगला हर्बर्ट जिंकला, तेव्हा सौदा होऊन काही महिने उलटले होते. स्टुअर्ट टीमचा तो पहिला आणि शेवटचा विजय. त्यानंतर मलेशिया आणि जपान अशा दोनच शर्यती ती स्टुअर्टच्या नावाने धावली.