ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदलताय? या चुका टाळा

गायमुखचा चढ लागला की माझी गाडी तिसऱ्यातून चौथ्यात जाताना क्षणभर हातातून सुटल्यासारखी करायची. आरपीएमचा काटा टुणकन वर, गाडी मात्र आहे तिथेच. दोनच दिवसांपूर्वी मी तिच्या गिअरबॉक्सचं तेल स्वतःच्या हातानं बदललं होतं आणि त्याआधी असलं काहीही होत नव्हतं. म्हणजे गुन्हेगार शोधायला ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या बाहेर जायची गरज नव्हती.

गाडी २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, सेकंडहँड घेतलेली. आत झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी गिअरबॉक्स. तेल बरोबर आणलं होतं, गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन नवा होता, बोल्ट नीट आवळले होते. चुकली होती फक्त पातळी. व्हिडिओ बघून कामाला हात घालणाऱ्या बहुतेकांची तीच चुकते, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

गाडी डोळ्याला सरळ, पाण्याला तिरकी

या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, नसते. इंजिन चालू ठेवायचं, फिलर प्लगच्या, म्हणजे तेल भरायच्या बुचाच्या, भोकातून तेल भरत राहायचं, तेल ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना जास्तीचं बाहेर सांडू द्यायचं आणि धार बारीक होऊन थेंबांवर आली की प्लग लावायचा. आदर्श तापमान ४० अंशांच्या आसपास. म्हणजे त्या भोकाची खालची कड हीच तुमची पट्टी. पट्टी तिरकी असली तर माप चुकणारच.

सोसायटीच्या स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगची, फरशी सपाट नसते. पावसाचं आणि गाड्या धुतल्याचं पाणी वाहून जावं म्हणून तिला गटाराच्या जाळीकडे मुद्दाम ढाळ दिलेला असतो. मी गाडी चार जॅक स्टँडवर घेतली, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात त्यावर. चारही घोड्या एकाच खाचेत लावल्या आणि समाधान मानलं. फिलर प्लगची बाजू नेमकी जाळीकडे होती. तिकडून तेल लवकर सांडलं, मला वाटलं भरलं.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत गिअरबॉक्स खोलणाऱ्या एका मिस्त्रीला फोन केला. त्यानं एकच विचारलं, ‘साहेब, गाडी सरळ उभी होती का?’ म्हटलं, हो, सरळच होती. ‘डोळ्याला सरळ की पाण्याला सरळ?’

गवंडी वापरतात तसा पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून आणला. एक टोक डाव्या जॅक पॉइंटला, दुसरं उजव्या. पाण्याच्या दोन रेषांमध्ये तीन सेंटिमीटरला थोडा कमी फरक निघाला. गाडीच्या रुंदीत हा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण तेलाचा पॅन पसरट असतो. त्यात दोन-तीन मिलिमीटर पातळी खाली गेली की पाव लिटरच्या वर तेल कमी भरतं. साधी पाणसळ दाराच्या उंबऱ्यावर ठेवली तरी अंदाज येतो, पण डावी-उजवी बाजू ताडून बघायला लेव्हल पाइपच हवा.

तापमानाची खिडकी आणि आपला मे महिना

उरलेली कसर तापमानानं भरून काढली होती. तेल दर १० अंशांना साधारण पाऊण टक्का फुगतं. आठ-नऊ लिटरच्या गिअरबॉक्समध्ये २० अंश जास्त म्हणजे शंभर-सव्वाशे मिली तेल ‘आहे’ असं दिसतं आणि गार झालं की नसतं. गरम तेलावर पातळी बघितली तर कमी भरतं, गार तेलावर बघितली तर जास्त. पुष्कळ जण हे उलटं लक्षात ठेवतात.

बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत तो माणूस गारठलेल्या गॅरेजमध्ये काम करत असतो. त्याचं तेल १२ अंशांवरून ३० वर यायलाच वेळ लागतो, तेवढ्यात तो निवांत भरून घेतो. मी मे महिन्यात सकाळी साडेनऊला सुरू केलं तेव्हा गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर तेल ३३ अंश दाखवत होतं, इंजिन चालू करायच्या आधी! त्यात हातपंपाची नळी प्लगच्या भोकातून दोनदा निसटली. ती परत बसवून धार बारीक व्हायची वाट बघेपर्यंत आकडा ५८ वर गेला होता. तेव्हाच इंजिन बंद करून उद्या बघू म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, आता आठ अंशांनी काय होतंय!

म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी लवकर काढा. तापमान ओबीडी स्कॅनरवर वाचा. पॅनवर इन्फ्रारेड बंदूक मारून दिसणारा आकडा प्लास्टिकचा असतो, आतल्या तेलाचा नाही. आणि दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ मध्ये पातळी ४५ अंशांवर बघतात.

पहिल्यांदा तेल सांडलं म्हणजे भरलं नाही

इंजिन बंद असताना भोकातून तेल बाहेर आलं की काम झालं असं समजणारेही भेटतात. ती फक्त पहिली पायरी. इंजिन चालू झालं की पंप तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या वाटांमध्ये खेचतो आणि पातळी धपकन खाली जाते. मग इंजिन चालू ठेवून पुन्हा भरायचं. ते झालं की ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा आर, एन, डी अशा प्रत्येक ठिकाणी नेऊन काही सेकंद थांबत पुन्हा पी वर यायचं आणि त्यानंतर शेवटची पातळी.

हे एकट्याचं काम नाही. माझा मुलगा ड्रायव्हर सीटवर होता, मी खाली. ‘बाबा, आता डी?’ ‘थांब, मोजून दहा सेकंद.’ त्याला आधीच बजावलं होतं की मी सांगेपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. मागची चाकं अधांतरी असतात आणि गिअर पडलेला असतो. घोड्यांशिवाय, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही, मिनिटभरही जाऊ नये. याच्यावर चर्चा नाही. आणि हे बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. अर्धा-पाऊण तास इंजिन चालणार, धूर साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्टिल्टचीही वारा खेळणारी, उघडी बाजू निवडा.

काढायचा प्लग आधी की भरायचा?

भरायचा. नेहमी. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी आधी खालचा प्लग उघडून सगळं तेल काढलं आणि मग फिलर प्लगला हात घातला. तो सायलेन्सरच्या पाइपाला लागून, अडचणीत, वर्षानुवर्षं न हललेला. ॲलन की घसरली, षटकोनाचा गोल झाला. तेल बाहेर, भरायला वाट नाही, इंजिन चालू करता येत नाही. गाडी पाच दिवस घोड्यांवर, सेक्रेटरींचे रोज दोन फोन, शेवटी प्लॅटफॉर्मवाली टो गाडी. फिलर प्लग आधी सैल करून बघा. नाही हलला तर त्या दिवशी काम रद्द, गाडी निदान चालत्या अवस्थेत राहते.

लाल तेल, हिरवं तेल

दुकानात ‘ऑटोमॅटिकचं तेल द्या’ म्हटलं की लाल डबा पुढे येतो. ८एचपीला लागणारं झेडएफचं लाइफगार्ड ८ हे तेल हिरवं असतं. मर्सिडीजच्या ७२२.९ मध्ये जुन्या गाड्यांना २३६.१४ मानकाचं लाल आणि नंतरच्या ७जी-ट्रॉनिक प्लसला २३६.१५ चं निळं, पातळ तेल लागतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. रंग ही फक्त खूण आहे, खरं बघायचं ते डब्यामागचं मानक. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा मी या गाड्यांसाठी घेणार नाही, कुणी फुकट दिला तरी.

ऑडीवाल्यांनी आणखी एक पायरी मागे जावं. तुमच्याकडे नक्की कुठला गिअरबॉक्स आहे? पाठीमागे ‘एस ट्रॉनिक’ लिहिलं असलं तर तो टॉर्क कन्व्हर्टरवाला नाही, दोन क्लचचा आहे. लांबीत बसवलेल्या इंजिनाबरोबर येणाऱ्या सात गिअरच्या, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचच्या एस ट्रॉनिकमध्ये तर क्लचचं तेल वेगळं आणि गिअरचं तेल वेगळं, दोन कप्पे. एकातलं काढून दुसऱ्यात भरण्याची चूक फार महाग पडते.

पॅन, बोल्ट आणि काजळ

८एचपीचा पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्याच्यातच. फिल्टर बदलायचा म्हणजे पॅनच बदलायचा. जुना पॅन पेट्रोलनं धुऊन, नवीन गॅस्केट टाकून परत बसवला तर तेल नवं आणि गाळणी जुनी. बोल्ट टी४० टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेच्या डोक्याचे, ताकद फक्त १० न्यूटन मीटर. हाताच्या अंदाजानं आवळणारा माणूस याच्या दुप्पट लावतो, पॅनची कड वाकते आणि आठवड्यानं पार्किंगमध्ये डाग पडतो. आधी सगळे बोटानं बसवा, मग मधल्यापासून कडेकडे, आमनेसामने.

जुन्या पॅनमधल्या चुंबकांवर काळसर लेप दिसला तर घाबरू नका. चिमटीत घेऊन चोळा. काजळासारखा मऊ, बोटांच्या रेषांत शिरणारा असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचलं, चकाकणारे कण किंवा कीस लागला तर नवं तेल भरून उपयोग नाही, आतलं काहीतरी सुटतंय.

वासही घ्या. करपट वास येणारं, काळं तेल आणि आधीपासूनच गिअर घसरत असतील तर तेल बदलून दुरुस्ती होईल ही आशा सोडा. आणि पावसाळ्यात गाडी बॉनेटच्या बेतानं पाण्यातून काढली असेल, तेल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर पाणी आत गेलंय. पाण्यानं क्लचच्या अस्तरांचा डिंक सुटतो. ती गाडी टो करूनच न्या, इंजिन चालू करू नका.

बदलायचं तरी का?

बीएमडब्ल्यू म्हणते तेल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते, गाडी कशी चालते त्यानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. शिवाय मानपाडा ते फाउंटन हॉटेल हे अंतर संध्याकाळच्या कोंडीत ज्यांनी कापलंय त्यांना किलोमीटरचा आकडा किती खोटं बोलतो ते माहीत आहे. ऑडीच्या ओल्या क्लचला ६०,००० हा आकडा धरून चाला.

पॅन बदलताना सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं. किटमध्ये सात लिटर येतं ते त्यामुळेच पुरतं. मशीन लावून सगळं तेल ढकलून काढण्यापेक्षा, फार जुनं तेल असेल तर हजारएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरणं मला जास्त पटतं. निघालेलं तेल लिटरच्या बाटल्यांत मोजून ठेवा. गळती नव्हती आणि साडेपाच लिटर निघालं, पण भरताना चार लिटरवरच सांडायला लागलं, तर काहीतरी चुकतंय, थांबा.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, चढावर किंवा वळणावर गिअर सुटल्यासारखा वाटतो, कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो: तेल कमी आहे, पंप हवा ओढतोय. गाडी चालवत राहू नका, पातळी पुन्हा बघा. उलट तेल जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, तापमान चढतं आणि हवा सोडणाऱ्या वरच्या नळीतून तेल बाहेर यायला लागतं. फेसाळलेल्या तेलाची लक्षणं कमी तेलासारखीच दिसतात, म्हणून अंदाजानं आणखी अर्धा लिटर ओतू नका.

पातळी बरोबर असून पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडले तर ते चालतं, विशेषतः स्कॅनरनं गिअरबॉक्सच्या संगणकाची जुनी शिकवण पुसली असेल तर. पी मधून डी मध्ये टाकताना धक्का तसाच राहिला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे रबरी आधार, बघा, तेलाला दोष देऊ नका. गळती शोधायला रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. हिरवट थेंब गिअरबॉक्सचा, काळा बहुतेक इंजिनाचा, जो वरून ओघळत मागे येतो आणि बिचाऱ्या नव्या पॅनवर आळ येतो.

जुनं तेल गटाराच्या जाळीत ओतायचं नाही. आमच्याकडची जाळी शेवटी ठाणे खाडीला मिळते, जिथे फ्लेमिंगो उतरतात आणि जिला २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून, अधिकृत रिसायकलरला तेल देणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. मी तुर्भ्याला त्या मिस्त्रीकडेच नेलं.

दुसऱ्या खेपेला जाळीकडच्या दोन्ही घोड्यांच्या बुडाखाली एकोणीस मिलिमीटरची एक आणि नऊची एक अशी प्लायच्या रुंद तुकड्यांची जोडी घातली, लेव्हल पाइप लावला, सकाळी सहाला सुरुवात केली. स्कॅनरवर २९. चाळिसाला धार थेंबांवर आली तेव्हा जवळजवळ अर्धा लिटर जास्तीचं आत गेलं होतं. त्या संध्याकाळी गायमुखला तिसऱ्यातून चौथा कधी पडला ते कळलंच नाही. प्लायचे तुकडे मीटर रूममध्ये ठेवलेत, वर खडूनं ‘जाळीकडे’ असं लिहून. मागच्या रविवारी शेजारचे काका मागून घेऊन गेले.