वाळवी: पंजाचं काम तुमचं, चोचीचं पाखरांचं (रोहिणी ते आर्द्रा)

रोहिणीचा वळीव जमीन भिजवून गेला, की एखाद्या संध्याकाळी वारुळांतून पंखवाल्या वाळवीचे थवे उठतात. त्यांच्यावर फवारा मारू नका. उडणाऱ्यांतले बहुतेक किडे त्याच संध्याकाळी कोतवाल, वेडा राघू, रातवा, पाल आणि भेक यांच्या पोटात जातात. फवाऱ्याचं विषही मग तिथेच जातं, आणि वारुळातल्या राणीला त्याची झळसुद्धा लागत नाही.

पिकाचं नुकसान करते ती बिनपंखाची कामकरी वाळवी. ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीचा बोगदा बांधल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिचं खरं चिलखत हे मातीचं कवच आहे. ते फोडू शकणारे प्राणी आपल्याकडे मोजकेच.

खवल्या मांजराला एकही दात नाही. पुढच्या पायांच्या मधल्या तीन नख्या इतक्या लांब असतात, की चालताना त्या आत मुडपून घ्याव्या लागतात. नख्यांनी वारूळ उकरायचं आणि वीतभर चिकट जीभ बोगद्यात घालायची. जिभेचं मूळ घशात नसून पार छातीच्या मागच्या टोकाशी असतं, म्हणून ती एवढी लांब जाते. सैनिक वाळवी चावायला धावली तर नाकपुड्या मिटतात, जाड पापण्या डोळे झाकतात. चावण्याचं काम जठर करतं. किड्यांबरोबर गिळलेले बारीक खडे तिथे जात्यासारखे फिरतात.

अस्वलाची तऱ्हा वेगळी. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. वारूळ फोडलं, की ते आधी फुंकर मारून धूळ उडवतं, मग ओठांचा चंबू करून त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो.

कोतवाल, साळुंकी, भेक, कोंबडी यांच्याकडे चोच किंवा जीभ आहे, पंजा नाही. तो तुम्ही पुरवायचा. नांगरट किंवा वखरपाळी सकाळी उजेडात करा, म्हणजे बगळे आणि साळुंक्या औताच्या मागे येतात. रात्री ट्रॅक्टर फिरवला तर उघडी पडलेली वाळवी सकाळपर्यंत खाली निघून जाते. शेतात एकरी ८ ते १० पक्षीथांबे उभे करा. आंब्याच्या खोडावरचे मातीचे पापुद्रे सकाळीच खरवडा आणि २-३ दिवसांनी पुन्हा पाहा. ओली माती नव्याने चढली असेल तर वाळवी चालू आहे. नसेल तर औषधाचा खर्च कशाला? वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते, पण त्या मातीआड खोडकिडा लपलेला असू शकतो, म्हणून भोकं आणि भुसा शोधाच.

गावरान कोंबड्या असतील तर एक मडकं कामाला लावा. पश्चिम आफ्रिकेत टोगो आणि बुर्किना फासोचे शेतकरी हीच युक्ती वापरतात. मडक्यात ओलं गवत, धसकटं आणि थोडं शेण दाबून भरा. चालू बोगद्याचं तोंड फोडून त्यावर मडकं पालथं घाला आणि वर सावली करा. मडकं तापलं किंवा आतला माल वाळला तर वाळवी चढत नाही; फसतं ते इथेच. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत उचलून कोंबड्यांपुढे झटका. कीटकनाशक घातलेल्या शेतातली वाळवी मात्र त्यांना कधीही देऊ नका.

एवढ्याने वाळवी संपणार नाही. खवल्या मांजर आणि अस्वलसुद्धा वारूळ मुळापासून रिकामं करत नाहीत; सैनिक गोळा झाले, की पुढच्या वारुळाकडे वळतात. म्हणून अर्धवट कुजलेलं शेणखत शेतात घालू नका, धसकटं वेचा, उसाच्या बेण्याला आणि रोपांना पाण्याचा ताण पडू देऊ नका. त्यानंतरही रोपं मरत राहिली तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलंच औषध वापरा, आणि तेही पुढच्या लागवडीच्या वेळी बेण्याला किंवा बियाण्याला लावून. बांधावरच्या ज्या वारुळाचा पिकाला त्रास नाही, ते राहू द्या. पावसाळ्यात विदर्भात सात्या (रानअळंब्या) तिथेच उगवतात.

बांधावर ताजे खड्डे दिसले, की डुकराचं नाव घेऊन फासे लावले जातात. आधी नीट बघा. डुक्कर जमीन लांबवर नांगरल्यासारखी उलथतं. खवल्या मांजराचा खड्डा वारुळापाशी किंवा बोगद्यावर नेमका, आटोपशीर असतो. अस्वलाचा मोठा, ओबडधोबड, नखांचे ओरखडे असलेला. कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडणं गुन्हा आहेच. पण झटका मशीनची खालची तारही जमिनीलगत ठेवू नका. दक्षिण आफ्रिकेत खवली मांजरं अशाच तारेला पोटाचा स्पर्श होऊन, घाबरून तिच्याभोवतीच वेटोळं घालतात आणि मरतात.

खवल्या मांजर आणि अस्वल दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. खवल्या मांजर विहिरीत पडलेलं किंवा जाळीत अडकलेलं दिसलं तर ओढाताण न करता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. अस्वलाचा वावर असलेल्या भागात वारुळांपाशी पहाटे एकट्याने जाऊ नका. तोंड वारुळात असलेल्या अस्वलाला तुमची चाहूल उशिरा लागते आणि दचकलं, की ते अंगावर येतं.