जुनी पेट्रोमॅक्स पुन्हा पेटवायची आहे? गॅसबत्तीची तपासणी, वापर आणि देखभाल

माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेली गॅसबत्ती खाली काढली की हात आधी टाकी घासायला जातो. टाकी नंतरही चकचकीत करता येईल. आधी पाहायचे ते हे, की टाकीत भरलेली हवा टिकते का. ती टिकत नसेल तर बाकी कशालाच अर्थ नाही.

नाव गॅसबत्ती असले तरी आत जळते ते रॉकेलच, पण वातीच्या कंदिलात जळते तसे नाही. पंपाने टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल उभ्या नळीतून वर चढते. मेंटल (उजेड देणारी जाळीदार पिशवी) असते, तिच्या शेजारून जाणारी ही नळी, म्हणजे वाफनळी, तापलेली असते आणि तिथे रॉकेलची वाफ होते. ही वाफ वाफनळीच्या टोकावरच्या निपलच्या केसाएवढ्या छिद्रातून जोरात बाहेर पडते, वरच्या वाकड्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि चिनी मातीच्या तोंडातून खाली मेंटलमध्ये येऊन निळ्या ज्योतीने जळते. त्या ज्योतीला स्वतःचा उजेड फारसा नसतो. पांढराशुभ्र उजेड देते ते तापलेले मेंटल. म्हणून बत्ती बिघडली की तीनच गोष्टी तपासायच्या: दाब पुरेसा आहे का, वाफनळी तापली आहे का आणि वाफेची वाट मोकळी आहे का.

पेटवण्याआधी

टाकीतले जुने रॉकेल ओतून टाका. ते पिवळट होते, चिकट होते आणि वाफनळीत काजळी धरते. थोडे ताजे रॉकेल घालून टाकी हलवा, ओता, आणि बाहेर पडलेल्या रॉकेलात गंजाचे कण येणे थांबेपर्यंत हे करत राहा. टाकी पाण्याने धुऊ नका. आत राहिलेला पाण्याचा थेंब पुढे फार त्रास देतो.

मग पंप. दांडा बाहेर काढला की टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर दिसेल. बहुतेक जुन्या बत्त्यांत तो वाळून कडक झालेला असतो, त्यामुळे दांडा सरसर आत जातो पण हवा भरली जात नाही. शिलाई मशीनचे तेल लावून तो रात्रभर मुरू द्या, सकाळी बोटांनी कडा बाहेरच्या बाजूला पसरा. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल लावतात, पण ते थंडीत गोठते. चामडे चिरले असेल तर नवा वॉशर घाला. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडे मिळणारा वॉशर अनेकदा चालतो, फक्त जुना वॉशर माप म्हणून सोबत न्या.

टाकीच्या झाकणाखालचे रबरही पाहा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवण्याची जुनी सवय सोडावी. ते रबर रॉकेलने फुगते आणि मऊ पडते. रॉकेल सहन करणारे नायट्राइल रबर घ्या. वाफनळी टाकीला जिथे बसते तिथे शिशाचा वॉशर असतो. नळी उघडलीत तर तो नवा घालणे बरे, कारण एकदा दबलेले शिसे पुन्हा नीट बसेलच असे नाही.

आता टाकी अर्धी भरा, मुख्य चावी बंद करा आणि बत्ती न पेटवता दाबाच्या काट्यावरच्या लाल खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २ बारपर्यंत, हवा भरा. साबणाचे पाणी ब्रशने झाकण, पंपाचे तोंड, वाफनळीचे बूड आणि टाकीच्या डाखाच्या सांध्यांवर लावा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. काटा अर्धा तास जागेवर राहिला तर टाकी ठीक. पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या तळाची एकेरी झडप हवा परत सोडते आहे. तिच्यातला लहानसा रबरी तुकडा बदलला की हे थांबते. टाकीच्या पितळेलाच चीर असेल किंवा सांधा उकलला असेल तर ती बत्ती शोभेसाठी ठेवा. रॉकेलची वाफ कोंडलेल्या टाकीला घरी डाख लावायला जाणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

रॉकेल

टाकीत फक्त रॉकेल घालायचे. पेट्रोल किंवा थिनर थेंबभरही मिसळायचे नाही. दाबाखालच्या टाकीत आणि लालबुंद मेंटलशेजारी ते जीव घेऊ शकते. रॉकेल पेट्रोलच्या डब्यातून आणलेले असेल तरीही वापरू नका. रेशनचे निळे रॉकेल मिळणे आता मुश्कील आहे. पांढरे मिळाले तर चांगलेच, त्याची काजळी कमी. पावसाळ्यात रॉकेल काचेच्या बाटलीत एक रात्र स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसते. वरचे रॉकेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून टाकीत ओता. ५०० कँडलपॉवरच्या (कँडलपॉवर हे उजेडाचे माप) बत्तीची टाकी साधारण एक लिटरची असते आणि ती सुमारे आठ तास चालते. टाकी पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका, हवेला जागा हवी.

मेंटल बांधणे

मेंटल म्हणजे क्षार शोषवलेली कापडी पिशवी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ मध्ये पहिले पेटंट घेतले. पण मेंटल खऱ्या अर्थाने चालले ते १८९१ मध्ये, त्याने ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियमचे प्रमाण ठरवल्यावर. पहिल्यांदा पेटवले की कापड जळून जाते आणि ऑक्साइडची नाजूक जाळी उरते. थोरियम सौम्य किरणोत्सारी आहे. मेंटल लटकवल्याने काही होत नाही, पण तुटलेल्या मेंटलची राख फुंकू नका. ओल्या कागदाने टिपा आणि हात धुवा. पहिल्या पेटवणीचा धूरही श्वासात जाऊ देऊ नका, ती अंगणात किंवा गच्चीवर करा.

मेंटल आपल्या बत्तीच्या कँडलपॉवरचेच घ्या. चिनी मातीच्या तोंडाभोवती खाच असते. दोरा बरोबर त्या खाचेत बसवा, चुण्या सगळीकडून सारख्या करा, दुहेरी गाठ मारा आणि दोऱ्याची टोके कापा. लोंबणारे टोक मेंटलला भोक पाडते. चुण्या एका बाजूला गोळा झाल्या तर मेंटल वाकडे फुगते आणि काचेकडे झुकते. चिनी मातीचे तोंड तडकलेले असेल तर मेंटल बांधण्याआधीच ते बदला.

पेटवण्याचा क्रम

१. चावीची जागा बत्ती थंड असतानाच ओळखून ठेवा. चावी फिरवताना निपल साफ करणारी बारीक पिन त्याच्या छिद्रातून वर डोकावते, ती बंदची जागा. पिन खाली गेली की वाट उघडते.

२. चावी बंद ठेवा आणि हवा सोडायचा स्क्रू उघडा. म्हणजे वाफनळी तापेपर्यंत रॉकेल वर चढणार नाही.

३. लांब तोटीच्या डबीने वाफनळीच्या बुडाशी असलेल्या कपात स्पिरिट भरून पेटवा. वारा असेल तर आडोसा हवा. थंडीत किंवा वाऱ्यात एक कप पुरत नाही. पहिला पूर्ण विझून कप निवल्यावरच दुसरा भरा. जळत्या कपात स्पिरिट ओतल्यास ज्योत थेट डबीत शिरते. ज्या बत्तीला रॉकेलच्या फवाऱ्याचा प्रीहीटर असतो, तिथे आधी टाकीत दाब भरून तो किमान दीड मिनिट चालवावा लागतो. घरात मात्र स्पिरिटच बरे, काच काळी होत नाही.

४. स्पिरिट संपत आले, पण ज्योत अजून आहे, तेवढ्यात स्क्रू बंद करा, दहा-पंधरा वेळा पंप मारा आणि चावी उघडा. मेंटल ‘भप्’ करून पेटले पाहिजे. नवे मेंटल आधी काळे पडते आणि मग वाफेने फुगून आकार घेते.

५. उजेड स्थिर झाला की काटा लाल खुणेपर्यंत येईल इतका पंप मारा. टाकी जितकी रिकामी, तितके जास्त पंप. पुढे तासा-दीड तासाने काटा पाहून थोडी हवा भरत राहा.

चावी उघडल्यावर पिवळ्या ज्वाळा उसळल्या तर बिघाड काही नाही, घाई झाली आहे. वाफनळी पुरेशी तापली नाही, म्हणून रॉकेल द्रवरूपातच वर आले. लगेच चावी बंद करा, वर साचलेले रॉकेल जळून जाऊ द्या, ज्योत पूर्ण विझल्यावर हवा सोडा आणि स्पिरिटपासून पुन्हा सुरू करा. अशा वेळी पंप मारत राहिले तर बत्ती आणखी भडकते. जवळ वाळूची बादली ठेवा. पेटत्या रॉकेलवर पाणी ओतू नका.

काय बिघडते, आणि का

बत्ती धापा टाकू लागली, म्हणजे उजेड लयीत कमीजास्त होऊ लागला, तर आधी रॉकेलमधल्या पाण्याचा संशय घ्या. पाण्याचा थेंब वाफनळीत गेला की वाफेचा प्रवाह तुटतो. रॉकेल बदलूनही धापा थांबल्या नाहीत तर वाफनळीत काजळी आहे, किंवा वरची वाकडी नळी सैल झाली आहे. निपलचे टोक आणि त्या नळीचे तोंड यांत ५०० कँडलपॉवरच्या बत्तीला साधारण १४-१५ मिलिमीटर अंतर लागते. ते बदलले की हवेचे प्रमाण बिघडते.

उजेड हळूहळू मंद होत गेला आणि दाब मात्र पुरेसा आहे, तर निपल तुंबले. चावी एकदा झटकन पूर्ण फिरवा. पिन छिद्रातून जाऊन येते, बत्ती क्षणभर लवते आणि उजेड परत येतो. हे वारंवार करावे लागत असेल तर बत्ती थंड करून निपल पान्याने काढा. त्याआधी पिन खाली घेतली नाही तर ती हमखास वाकते. पिन काढून वाफनळी उलटी धरा आणि लाकडावर हलके ठोका. काळे कण पडतील.

मेंटलवर काळा डाग पडला तर इंधन जास्त आणि हवा कमी. थोडा दाब कमी केल्यास डाग जळून जातो. पुन्हा पुन्हा पडत असेल तर पिनेने घासून निपलचे छिद्र मोठे झाले आहे आणि निपल बदलायला हवे. मेंटल टिकून असतानाच काळजी घेतलेली बरी, कारण त्याला बारीकसे भोक जरी पडले तरी ज्योत तिथून सरळ काचेवर मारा करते. काच तिथेच तडकते. भोक पडलेले मेंटल त्या रात्रीपुरतेही चालवू नये.

वरून घरघर ऐकू येऊन मेंटल मंद झाले तर वाफ मेंटलऐवजी नळीतच जळते आहे. बत्ती विझवा. दाब फार कमी झाला होता का, किंवा चिनी माती फुटली का, ते पाहा.

कोकणात पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या पकडायला हीच बत्ती नेतात. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पुरतो. वरच्या झाकणाची कडा वाकलेली असेल तर सरळ करून घ्या, आणि बाहेर नेताना काचेऐवजी अभ्रकाची चिमणी मिळाली तर ती वापरा.

विझवणे आणि ठेवणे

आधी चावी बंद, उजेड पूर्ण गेल्यावर स्क्रू उघडून हवा सोडा. त्या हवेबरोबर रॉकेलचा फवारा येतो, म्हणून जवळ निरांजन किंवा पेटती विडीसुद्धा नको. टाकी हाताला थंड लागेपर्यंत झाकण उघडू नका, रॉकेल भरू नका. बंद खोलीत बत्ती लावून झोपायचे नाही. तिच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि त्याला वास नसतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा आणि छतापासून बत्तीच्या टोपीपर्यंत निदान हातभर जागा सोडा.

पितळी टाकी चिंचेने किंवा पितांबरीने घासा, पण झाकण लावून, आणि लगेच कोरडी पुसा. निकेलचा मुलामा असेल तर नुसते मऊ फडके पुरे. घासाल तर मुलामा जाईल. महिन्याभरापेक्षा जास्त वापर नसेल तर टाकी रिकामी करा, स्क्रू सैल ठेवा, पंपाच्या चामड्याला तेलाचे दोन थेंब द्या. बत्तीसोबत एका डबीत दोन मेंटल, एक निपल, दोन पिना, एक चामड्याचा वॉशर, झाकणाचे रबर आणि मापाचा पाना ठेवा.