लॉनवरच्या कार्यक्रमाला सिंथसोबत कंट्रोलर नेताना

लग्नसराई लागली की नागपुरातली लॉन भरतात आणि ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यांच्या तारखाही. गाण्यांची यादी लांबलचक असते, माणसं मोजकी. बेस, पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, शहनाई हे सगळं एकट्याच्या दोन हातांवर येतं, आणि मग ६१ कीज कमी पडतात. म्हणून आपल्यातले बरेच जण हल्ली डबल स्टँड घेऊन वर २५ किंवा ४९ कीजचा मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत) कंट्रोलर ठेवतात. कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. कोणती की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढंच तो केबलमधून कळवतो आणि वाजतो खालचा सिंथ, म्हणजे आवाज असलेला मुख्य कीबोर्ड. सिंथमध्ये स्प्लिट (कीबोर्डच्या भागांवर वेगवेगळे आवाज) आणि लेअर (एकाच कीवर एकाहून जास्त आवाज) आधीच लावलेले असतील, तर ही जोडणी कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी घरी करून बघा. स्टेजवर त्यासाठी वेळ मिळत नाही.

पहिली गोष्ट केबल. कंट्रोलरला पाच पिनांचं मिडी आउट असेल तर ते सिंथच्या मिडी इनला जोडायचं, काम झालं. फक्त यूएसबी असेल तर थांबा. सिंथच्या मागचं चौकोनी यूएसबी कंप्युटरसाठी असतं. कंट्रोलरही कंप्युटरचीच वाट बघत असतो. दोघांना थेट जोडलं तर दोघंही गप्प बसतात. मध्ये यूएसबी मिडी होस्टचा डबा लागतो आणि त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्डवर एक जागा जास्तीची धरा. काही छोट्या कंट्रोलरवर हेडफोनसारखं बारीक मिडीचं भोक असतं. त्याच्या वायरिंगची पद्धत २०१८ मध्ये ठरली, त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने चालत होती. म्हणून अशी केबल सीताबर्डीवर घ्यायला जाताना कंट्रोलर बरोबर न्या आणि वाजवून बघूनच घ्या.

आता चॅनल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका मिडी केबलमधून १६ चॅनल, म्हणजे संदेशांच्या १६ वेगळ्या वाटा, जातात. समजा सिंथवर डावीकडच्या दीड सप्तकात बेस आहे, उजवीकडे पियानोवर स्ट्रिंग्जचा लेअर आहे आणि वरच्या कंट्रोलरवर तुम्हाला बासरी हवी आहे. नवा कंट्रोलर डब्यातून काढून जोडला तर तो बहुधा चॅनल १ वर बोलतो आणि सिंथही बहुधा चॅनल १ वरच ऐकतो. मग कंट्रोलरवर दाबलेली की सिंथला आपलीच वाटते. डावीकडे बेस वाजतो, उजवीकडे पियानो आणि स्ट्रिंग्ज, बासरी कुठेच नाही. यावर उपाय असा: त्याच परफॉर्मन्समध्ये (सिंथमधल्या आवाजांच्या जुळणीत) बासरीसाठी वेगळा पार्ट, म्हणजे आवाजाचा एक कप्पा, घ्या, त्याचा रिसीव्ह चॅनल ५ करा आणि कंट्रोलरचा ट्रान्समिट चॅनलही ५ करा. मग त्या पार्टचा सिंथच्या स्वतःच्या कीबोर्डशी असलेला संबंध तोडा. हे शेवटचं राहून गेलं की पियानो वाजवताना बासरीही सोबत वाजते, आणि नेमकं कुठून येतंय ते गोंगाटात कळत नाही. कॉर्ग कंपनीच्या सिंथमध्ये परफॉर्मन्सला कॉम्बी आणि पार्टला टिंबर म्हणतात. तिथे ज्या टिंबरसमोर ‘जीसीएच’ (ग्लोबल, म्हणजे सिंथचा मुख्य चॅनल) लिहिलेलं असतं ते सिंथच्या कीबोर्डवर वाजतात. बासरीच्या टिंबरला ग्लोबलपेक्षा वेगळा आकडा दिला की ती फक्त बाहेरून येणाऱ्या मिडीला उत्तर देते. रोलँडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेच काम पार्टजवळचा कीबोर्ड स्विच करतो. काही सिंथमध्ये स्प्लिट-लेअरचा मोड एकाच चॅनलवर ऐकतो, तिथे मल्टी मोडमध्येच (जिथे प्रत्येक पार्टला वेगळा चॅनल देता येतो) जावं लागतं. मॅन्युअलच्या शेवटी मिडीचा तक्ता असतो, तो एकदा बघून घ्या.

बासरीच्या पार्टची की रेंजही बघा. आपण पुष्कळदा जुना पार्ट कॉपी करतो आणि त्याच्यासोबत त्याची स्प्लिटची हद्दही येते. मग कंट्रोलरचा अर्धा भाग मुका राहतो आणि आपण केबल हलवत बसतो. स्प्लिटची जागा वहीत लिहून ठेवताना नोट नंबर लिहा. मधला सी सगळीकडे ६० नंबरचा असतो, पण यामाहा त्याला सी ३ म्हणते आणि रोलँड सी ४. नावावर गेलात तर स्प्लिट एक सप्तक सरकलेला सापडेल.

यानंतरची तपासणी मी माझ्या अनुभवावरून सांगतो, ती कधीच चुकवू नका. एका लॉनवर रिसेप्शनचा कार्यक्रम होता. गाणं पांढरी चारच्या पट्टीत बसवलेलं. गाणाऱ्या ताईंचा घसा बसला होता. आधीचं गाणं संपता संपता त्या मागे वळून म्हणाल्या, ‘‘दादा, पांढरी तीन घ्या.’’ अर्ध्या सुराचाच फरक, मी सिंथचं ट्रान्सपोज (पट्टी वरखाली करायची सोय) एकने खाली केलं. मुखडा सुरेख गेला, कारण तो सगळा सिंथच्या कीजवर होता. मग बासरीचा तुकडा आला, माझा उजवा हात वरच्या कंट्रोलरवर गेला आणि बासरी जुन्याच पट्टीत वाजली, अख्खा अर्धा सूर वर. ताईंनी डोळे मिटून घेतले. ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. चार मात्रांत मी हात खाली आणला, पण त्या चार मात्रा आजही माझ्या कानात आहेत.

कारण साधं आहे. पुष्कळ सिंथमध्ये ट्रान्सपोज फक्त त्यांच्या स्वतःच्या कीजवर चालतं, बाहेरून आलेला मिडी जसाच्या तसा वाजतो. काही सिंथमध्ये ग्लोबलच्या, म्हणजे सगळ्या सिंथला लागू असलेल्या सेटिंगच्या, पानावर ‘प्री मिडी’ आणि ‘पोस्ट मिडी’ असा पर्याय असतो. पोस्ट ठेवलं तर बाहेरून येणारे सूरही ट्रान्सपोज होतात. असा पर्याय नसेल तर कंट्रोलरचं ट्रान्सपोज वेगळं बदलावं लागतं, आणि तिथे ऑक्टेव्हचं बटण आणि ट्रान्सपोजचं बटण यांची गल्लत होते. घरी बसून सिंथची पट्टी एकने खाली करा आणि दोन्हीकडे तीच की दाबा. सूर जुळला पाहिजे. मग दोनने, तीनने, आणि वरच्या दिशेनेही करून बघा. आपल्याकडे गाणारा माणूस काळी दोनची काळी एक स्टेजवर उभ्या उभ्या करतो, तेव्हा बटण कुठे आहे ते बोटांना माहीत हवं.

पेडल कुठे लावायचं तेही आधीच ठरवा. कंट्रोलरला लावलं तर सस्टेनचा संदेश, म्हणजे कंट्रोल चेंज ६४, फक्त बासरीच्या चॅनलवर जातो आणि पियानो कोरडा राहतो. म्हणून पेडल सिंथलाच लावा. पण मग बेस आणि स्ट्रिंग्जही पेडलवर लांबत जातात आणि कॉर्ड बदलताना सगळा चिखल होतो. त्या पार्टचं होल्ड रिसीव्ह (पेडलचा संदेश घेणं) बंद करा, पेडल फक्त पियानोला राहू द्या. सिंथ सुरू करताना पाय पेडलवर नको. बरेच सिंथ त्याच क्षणी पेडलची दिशा ओळखतात आणि पाय असला की उलटं धरून बसतात.

कंट्रोलरच्या नॉबवर व्हॉल्यूम, म्हणजे कंट्रोल चेंज ७, ठेवला असेल तर नॉब जरा हलताच आवाज एकदम उडी मारतो, कारण नॉब जिथे आहे तिथलाच आकडा जातो. पिकअप किंवा कॅच नावाची सोय असेल तर ती चालू करा. वाजवताना चढउतार हवा असेल तर ११ नंबरचं एक्स्प्रेशन वापरा, साउंड चेकला लावलेलं मिक्सिंग त्याने मोडत नाही. कंट्रोलरवरून प्रोग्रॅम चेंज (आवाजांची जुळणी बदलायचा संदेश) जाणं बंद करा. चुकून एका पॅडला बोट लागलं आणि अख्खा परफॉर्मन्स बदलला, हे नवख्यांच्या बाबतीत हमखास होतं.

लेअर चढवताना व्हॉइसचा, म्हणजे सिंथ एका वेळी किती आवाज काढू शकतो त्याचा, हिशेब ठेवा. पियानोला दोन आणि स्ट्रिंग्जला दोन व्हॉइस लागत असतील तर एका कीला चार गेले. ६४ व्हॉइसच्या सिंथवर सोळा सूर झाले की जुने सूर कापले जाऊ लागतात, आणि पेडल धरलेलं असताना सोळा लगेच भरतात. बासरीला प्राधान्य देण्याची सोय असेल तर द्या, नसेल तर स्ट्रिंग्ज हलक्या घ्या.

हे सगळं करून झालं की सेव्ह करा. त्याआधी दुसरा परफॉर्मन्स उघडून बघितलात तर केलेलं सगळं जातं. मग पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि परफॉर्मन्स गाण्यांच्या क्रमाने लावा.

आता जागेबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाचा साउंड चेक चार वाजता लावतात. तोवर सिंथ उन्हात नको, गाडीच्या डिकीतही नको. स्टेजच्या बाजूला मोठे कूलर लावलेले असतात, त्यांची ओली हवा थेट कीजवर येते. लॉनवाल्या भाऊंना सांगून कूलरचं तोंड फिरवून घ्या, नाहीतर स्टँडची जागा बदला. दोन्ही अडॅप्टरवर रंगीत टेप लावा, दिसायला सारखे असले तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं. मिडी केबल १५ मीटरपेक्षा लांब नको, आणि ती स्टँडच्या दांड्याला बांधा. की दाबलेली असताना केबल निघाली तर तो सूर अडकून वाजतच राहतो. त्यासाठी पॅनिकचं बटण कुठे आहे ते पाठ ठेवा. बटण नसेल तर परफॉर्मन्स बदलून परत या.

सगळे जागेवर बसले की मॉनिटरचा आवाज कमी ठेवून सिंथची सगळ्यात डावीकडची की, मग सगळ्यात उजवीकडची, मग कंट्रोलरच्या दोन्ही टोकांच्या कीज दाबा. नंतर दोन्हीकडे मधला सी एकत्र दाबा. ट्रान्सपोज शून्यावर आहे, ऑक्टेव्हचा दिवा विझलेला आहे आणि पाय पेडलवरून खाली आहे, हे बघा आणि मग साउंडवाल्या भाऊंना फेडर उघडायला सांगा.