बीट ढिली वाटतेय? आधी ड्रम्स तोंडाने म्हणा

पहिली दोन वर्षं मी रॅपसाठीच्या बीट्स कमी बनवल्या आणि ड्रम किट्सच जास्त जमवले. हार्ड डिस्कवर नुसत्या किकचेच (ड्रमचा खालचा 'ढुम्') तीन-चार हजार आवाज, आणि बनवलेली बीट ऐकायला अशी की सोसायटीचा वॉचमन काठी आपटत चाललाय. आवाज सगळे चांगले होते, चाल नव्हती. हे कळलं कुठून, तर तबला शिकणाऱ्या माझ्या मावसभावाकडून. तो एकदा मागे उभा राहून स्क्रीन बघत होता आणि म्हणाला, "दादा, हा तर तीनताल मोजतोयस की तू."

आणि खरंच बघा ना. स्टेप सिक्वेन्सरमध्ये (जिथे खणांत क्लिक करून ठोके लावतात) एका बारचे, म्हणजे चार ठोक्यांच्या एका फेरीचे, खण १६, तीनतालाच्या मात्रा पण १६. तीनतालात टाळी १, ५, १३ वर आणि 'खाली' (टाळी न देता नुसता हात हलवायची मात्रा) ९ वर. बूम-बॅपची (जुन्या हिप-हॉपच्या चालीची) साधी बीट लावली की पहिली किक १ वर आणि स्नेअर (वरचा 'टाक्') ५ आणि १३ वर, म्हणजे टाळीच्याच जागा! (कोणी तबलजी वाचत असेल तर चिडू नका, ठेका वेगळा आहे हे माहितीये, मोजायला सोपं जातं एवढंच.) उरला ९, आपली खाली. नवशिका माणूस तिथे हमखास एक किक ठोकतो आणि तिथेच बीट वॉचमनची काठी होते. ती किक काढा, ८ आणि ११ वर टाका, ९ मोकळा सोडा. आता माउस न धरता हे म्हणून बघा:

ढुम् – – – टाक् – – ढुम् – – ढुम् – टाक् – – –

मान हलली का? तबलेवाले आधी बोल म्हणतात मग हात लावतात, आपण डायरेक्ट क्लिक करत सुटतो. मी अजूनही ड्रम्स आधी फोनवर तोंडाने रेकॉर्ड करतो, बसमध्ये, बाथरूममध्ये कुठेही, आणि जे तोंडाने चार बार सलग म्हणता येत नाही ते सॉफ्टवेअरमध्ये लावत नाही, कारण ते रॅपरला पण झेपत नाही.

आता स्विंग, म्हणजे काही ठोके मुद्दाम जरासे उशिरा पाडणं. हा नॉब सगळे फिरवतात पण तो नेमकं करतो काय ते ऐकत नाहीत. रॉजर लिनने अकाई कंपनीसाठी एमपीसी ६० हे बीट्सचं मशीन बनवलं १९८८ मध्ये, त्याच्यावर स्विंग टक्क्यांत असायचा, ५० म्हणजे एकदम सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे ट्रिपलेटची, तिनात भागलेली चाल. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक खण साधारण १६७ मिलिसेकंदाचा, दोन खणांची जोडी ३३३ ची. स्विंग ५४ केला की जोडीतला दुसरा खण १६७ च्या जागी १८० वर पडतो, म्हणजे फक्त १३ मिलिसेकंद उशीर. आणि हा उशीर होतो सम आकड्यांच्या खणांना, म्हणून आपली ८ वरची किक मागे सरकते पण ११ वरची जागेवरच राहते. ती जी मजा येते ना, ती या १३ मिलिसेकंदांची आहे, चार हजार किक्सची नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉब ० पासून सुरू होत असेल तर आकडे विसरा, अगदी थोडा थोडा वाढवत जा, लंगडायला लागली की दोन पावलं मागे या.

डेट्रॉइटचा प्रोड्यूसर जे डिला एमपीसी ३००० वर ठोके मुद्दाम जरासे पुढे-मागे ठेवायचा (ते मशीन आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे), ते ऐकून लोक सगळंच हलवून ठेवतात आणि मग बीट पिऊन आल्यासारखी वाटते. सगळं नाही हलवायचं. हायहॅट (झांजेची टिक-टिक) सरळ ठेवा, स्नेअर जरासा आधी आणा, किक जराशी मागे. एक जण जागेवर असल्याशिवाय दुसरा उशिरा आलाय हे कळणार कसं?

आवाजांचं म्हणाल तर महिनाभर स्वतःला थोड्याच आवाजांत कोंडून घ्या. १९८७ च्या एसपी-१२०० या मशीनमध्ये सॅम्पलिंगला (बाहेरचे आवाज आत रेकॉर्ड करून घ्यायला) एकूण फक्त दहा सेकंद मिळायची, म्हणून न्यूयॉर्कचे प्रोड्यूसर ३३ च्या स्पीडची तबकडी ४५ वर फिरवून पटकन रेकॉर्ड करायचे आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचे, जागा वाचवायला केलेल्या त्या जुगाडातून तो खरखरीत आवाज आला. तुम्ही पण दहा सेकंदच घ्या आणि पूर्ण बीट त्यातच करा. जुन्या सिनेमाची गाणी कापू नका, रिलीज करताना कॉपीराइटचं लफडं होतं. मी गावच्या जत्रेत फोनवर हलगी रेकॉर्ड केली होती, मागे पिपाणी, लोकांची बोंबाबोंब, पण त्यात एक ठोका मोकळा सापडला. तेवढाच कापला, खालचा गडगडाट इक्यूने उडवला, पिच तीन सेमीटोन खाली, आणि माझ्या साध्या स्नेअरखाली हळू आवाजात ठेवला. आजपर्यंत सगळ्यात जास्त लोकांनी विचारलेला स्नेअर तोच.

८०८, म्हणजे लांब घुमणारा बेसचा ठोका, लावत असाल तर गाण्याच्या स्केलमध्ये ट्यून करा, हे बहुतेक जण करतच नाहीत आणि मग मिक्सिंगला दोष देतात. आणि फोनवर ऐका. पियानोवरच्या सगळ्यात खालच्या एफ सुराला जवळपास ४४ हर्ट्झ असतात, फोनचा स्पीकर ते वाजवूच शकत नाही, त्यामुळे थोडं सॅच्युरेशन लावलं (आवाज किंचित फाडला) की वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराचे वरचे उपस्वर, ऐकू येतात आणि कानाला बेस असल्याचं वाटतं. किक आणि ८०८ एकत्र पडत असतील तर किक आखूड करा.

आणि कृपया जागा सोडा. ९० बीपीएमला १६ बारचा व्हर्स (रॅपचं एक कडवं) ४३ सेकंदांचा होतो, तेवढा वेळ माणूस बोलणार आहे. तो बोलत असताना पियानो, बासरी, मागून व्होकल चॉप असं सगळं चालू असेल तर ती बीट नाही, लग्नाचा हॉल आहे. मी व्हर्सला मेलडी म्यूट करून स्वतःच काहीतरी बडबडून बघतो, वाईट रॅप करतो पण गर्दी कुठे आहे ते लगेच कळतं.

रॅपरला बीट पाठवताना पीक (सगळ्यात मोठा आवाज) -६ डीबीच्या आसपास ठेवा, मास्टरवरचा लिमिटर (आवाज दाबून धरणारा) काढा, ड्रम्स, ८०८, मेलडी वेगवेगळे वेव्हमध्ये द्या, सगळ्या फाइल्स एकाच पॉइंटपासून सुरू होणाऱ्या. आणि फाइलच्या नावात बीपीएम आणि स्केल लिहा. मी एकदा 'फायनल फायनल २' नावाने एमपी३ पाठवली होती, समोरच्याने रात्रभर बसून ८८ वर रेकॉर्ड केलं, बीट ९० ची होती.