मैत्रिणीला गर्भपातासाठी सोबत न्यायची वेळ आली तर (गोव्यातल्यांसाठी)

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचा रात्री साडेअकराला फोन आला, पाळी चुकलीय, टेस्टवर दोन रेघा आल्यात आणि लग्न झालेलं नाही. तिला वाटत होतं लग्न नसेल तर कुठलाच डॉक्टर हात लावणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. नंतर जे जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण घरात ह्यावर कुणी बोलत नाही आणि तेवढ्यात आठवडे निघून जातात.

सगळ्यात आधी आठवडे मोजा. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, गॅस सिलिंडर आणि दुधाच्या नोंदींमध्ये तिने पाळीच्या तारखेला बारीक टिंब केलेलं सापडलं. ती चार आठवडे म्हणत होती, निघाले सात! कारण संबंध आले त्या दिवसापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ह्या मोजणीवर पुढचं सगळं ठरतं, नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, त्यानंतर बहुतेक वेळा सक्शन (नळीने ओढून गर्भाशय रिकामं करणं) करावं लागतं, लोक त्याला सरसकट क्युरेटिंग किंवा पिशवी साफ करणं म्हणतात.

मग कायदा. एमटीपी कायदा, म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक परिस्थितीतच (बलात्कार, अल्पवयीन, मधेच घटस्फोट किंवा नवरा वारला, बाळात दोष वगैरे). निरोध फाटला, गोळी चुकली हे कारण कायद्यात धरलेलं आहे आणि २०२१ पासून तिथे 'नवरा' जाऊन 'जोडीदार' शब्द आलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क आहे असं स्पष्ट सांगितलं.

सही फक्त तिची. अठरा पूर्ण असतील तर नवऱ्याची, आईची, कुणाचीच लागत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, मिस्टरांची सही कुठाय? मैत्रीण मान खाली घालून उठायलाच लागली. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, संमतीच्या फॉर्मवर फक्त बाईची सही लागते, आम्हाला डॉक्टरांशी बोलू द्या. नाहीच ऐकलं तर वाद घालत बसू नका, दुसरीकडे जा, दिवस महत्त्वाचे. मुलगी अठराच्या खालची असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण तिने आणि पालकांनी सांगितलं तर तिचं नाव न देता कळवता येतं, हेही सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात आहे.

कुठे जायचं? सरकारी हॉस्पिटलला वेगळी मान्यता लागत नाही, म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ किंवा म्हापसा, मडगावची जिल्हा हॉस्पिटलं. खाजगीत जाणार असाल तर एमटीपीची मान्यता आहे का ते आधी फोन करून विचारा. गोवा एवढंसं, ओपीडीत गाववाला भेटणारच ही भीती तिला सगळ्यात जास्त होती. नाव फोडणं गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे तिला सांगितल्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला. तरी आम्ही लांबच्याच तालुक्यात गेलो, त्यात काही चूक नाही.

फार्मसीतून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणून घरी गपचूप घेऊ नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळ्यांनी पडत नाही आणि नळी फुटली तर जीवावर बेततं, म्हणून आधी तपासून घ्या आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं सांगा.

लाज आणि अज्ञान किती नडतं त्याचं एक उदाहरण देते. पोर्तुगीज काळात गोव्यातली कितीतरी माणसं मोझांबिकला गेली. आपल्याकडून पोर्तुगीज १९६१ ला गेले आणि दहा वर्षांत हा कायदा आला. मोझांबिक १९७५ ला स्वतंत्र झाला तरी गर्भपाताला गुन्हा ठरवणारा १८८६ चा पोर्तुगीज दंडविधान तिथे चालूच राहिला. तिथल्या राजधानीतल्या, मापुतोच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातले डॉक्टर ऐंशीच्या दशकापासून नियम सैल लावून बायकांना वाचवत होते, पण कायदा बदलायला २०१४ उजाडलं, आता बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या मागणीवर होतं, बलात्कारातून असेल तर सोळापर्यंत. तरीही कायदा बदललाय हेच अनेकींना माहीत नसतं आणि त्या लपूनछपून काहीबाही घेतात. आपल्याकडे पन्नास वर्षं होऊन गेली तरी माझी शिकलेली मैत्रीण तेच करणार होती, किट आणायला स्कूटर काढलीच होती तिने.

गोळ्या घेतल्या की त्या दिवशी सोबत राहा. पहिली गोळी, मग एक-दोन दिवसांनी दुसऱ्या, त्यानंतर पोटात जोराच्या कळा आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, ते अपेक्षितच आहे. मोठे पॅड, गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरने दिलेली दुखण्याची गोळी, पातळ पेज एवढं जवळ ठेवा. तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, दिवसभर ताप उतरत नाही, चक्कर येतेय तर वाट बघू नका, १०८ लावा. आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर बोलावतील तेव्हा बरं वाटतंय म्हणून टाळू नका, पूर्ण झालंय की नाही ते तेव्हाच कळतं.